दोनशे सत्त्याऐंशी वाटा

१२ मार्च, मंगळवार

आजपासून लिहायचं ठरवलं, कारण या खोलीत बोलायला माणसं दोनच आणि दोघंही एकाच बाजूची.

मोजमाप झालं. ‘ताम्बो’, म्हणजे गोठा, या नावाचा क्लास, प्रोग्रॅमचा एक भाग, अकरा हजार चारशे ओळींचा. दूध संघाच्या साडेपाचशे गोठ्यांचं जे जे काही असेल ते सगळं त्या एका क्लासमध्ये कोंबलेलं आहे: गाई, टँकर, रस्ते, दुधाचं तापमान, तपासणी, मालकांचे फोन नंबरसुद्धा. त्यातलं सगळ्यात वाईट फंक्शन ‘आसेप्तार’, म्हणजे ‘स्वीकार’. टँकर फाटकावर आला की दूध घ्यायचं की परत पाठवायचं, हे ते ठरवतं. मोजायची रीत सोपी आहे. कोडमध्ये जिथे जिथे ‘असं असेल तर’ येतं तिथे एक वाट फुटते. त्या वाटा मोजायच्या. दहापर्यंत असल्या तर माणसाच्या डोक्यात मावतात. वीस झाल्या की दुखणं. आसेप्तारमध्ये दोनशे सत्त्याऐंशी आहेत. मी दोनदा मोजल्या.

हे सगळं लिहिलंय वाल्तेर एचेगोयेनने. इथे सान होसे गावात त्याला कोणी वाल्तेर म्हणत नाही, सगळ्यांचा तो बास्को. एकोणीस वर्षं तो आणि त्याचा क्लास या खोलीत बसून आहेत. मी आकडा सांगितला तर हसला.

“दोनशे सत्त्याऐंशी! मग डॉक्टरीणबाई, पेशंट वाचेल का?”

“वाचेल. पण बरंच कापावं लागेल.”

“काप की. फक्त कापण्याआधी विचार, हे काय होतं म्हणून.”

मी साल्तोची, संत्र्यांच्या मुलखातली, राजधानी माँतेव्हिदेओत अकरा वर्षं काम करून आलेली. मला काय विचारायचं आणि काय नाही, ते कळतं.

१५ मार्च, शुक्रवार

संघाचे साहेब, ओल्गुइन इंजिनिअर, माँतेव्हिदेओहून येऊन गेले. गोड बोलतात, पण सगळं स्पष्ट सांगून गेले. जूनअखेरपर्यंत आसेप्तार आटोक्यात आलं नाही तर संघ बाहेरचा तयार प्रोग्रॅम घेणार आणि ही खोली बंद. मी परत राजधानीत जाईन, फोन सांभाळणारी ग्लॅडिस लोणी विभागात जाईल. बास्को घरी. त्याच्या निवृत्तीला नोव्हेंबरपर्यंत वेळ आहे. त्याआधी गेला तर पूर्ण पेन्शन बसत नाही. ओल्गुइन हे बोलत असताना बास्को खिडकीतून बाहेर कुत्र्यांची भांडणं बघत होता. जसं काही दुसऱ्याच कुणाबद्दल चाललंय.

मला राग आला. ज्याने गुंता करून ठेवला तो मजेत, आणि झोप उडाली माझी.

२१ मार्च, गुरुवार

बास्कोची बायको तेरेसा त्याला रोज सकाळी दारापर्यंत सोडायला येते. हातात हात घालून. मफलर नीट करते, खिशात काहीतरी कागद कोंबते, मग जाते. ग्लॅडिस म्हणाली, आधी तो सायकलने यायचा. मी थट्टा केली, “बास्को, लग्नाला चाळीस वर्षं झाली तरी प्रेमाची चिठ्ठी?” तो जरासा ओशाळला. ग्लॅडिसने माझ्याकडे असं पाहिलं, जसा काही मी तिच्या पायावर पाय दिलाय.

काम चांगलं चाललंय. पुढचा आठवडा तुरिस्मोच्या सुट्टीचा, सगळे समुद्रावर. मी नाही जाणार, कोड तपासायच्या टेस्ट शांतपणे लिहीन.

४ एप्रिल, गुरुवार

आकडा २४१. कसा उतरवला ते लिहून ठेवते, कारण गंमत आहे.

कोडमध्ये एकच गोष्ट तीन-तीनदा लिहिलेली सापडते. गोठा २१२ चं उदाहरण. ओढ्याला पाणी आलं की तिथे टँकर जात नाही, मालक ट्रॅक्टरवर कॅन घालून दूध आणतो, म्हणून त्याला दोन तास सवलत. ही अट पंधरा वर्षांपूर्वी लिहिली आहे. ठीक. तीच अट दोन वर्षांपूर्वी पुन्हा, चारशे ओळी खाली. तीच अट गेल्या हिवाळ्यात, जुलैत, तिसऱ्यांदा, यावेळी सवलत तीन तासांची. आधीच्या दोन्ही तशाच जागेवर. अशी तीस-चाळीस ठिकाणं आहेत. प्रत्येक ओळीवर लिहिणाऱ्याचं नाव आणि तारीख राहतेच, सगळ्या बास्कोच्या.

मी त्याला स्क्रीनवर तिसरी दाखवली. तो पुढे वाकला, चष्मा वर केला.

“हे कुठल्या गाढवाने लिहिलं?”

“तू.”

“छे.”

“अरे, नाव बघ की. अठ्ठावीस जुलै, एचेगोयेन.”

त्याने बोट ठेवून नाव आणि तारीख वाचली. मग म्हणाला, “मग गाढव मीच,” आणि थर्मासमध्ये पाणी भरायला गेला. नाटकी माणूस. निवृत्ती जवळ आली की लोक आळशी होतात हे ऐकून होते, पण आपलंच लिहिलेलं शोधायचाही कंटाळा?

१४ एप्रिल, रविवार

तोंडघशी पडले. हे लिहायचं जिवावर आलंय, तरी लिहिते.

शुक्रवारी मी एक अट काढून टाकली होती. गोठा ८८, फक्त रविवारी, चाळीस तासांपर्यंतचं दूध घ्यायचं. बाकी सगळ्यांना चोवीस. मला वाटलं कुणाच्या तरी ओळखीच्याची सोय लावलेली आहे. कुणाला विचारलं नाही. आज साडेनऊला ग्लॅडिसचा फोन: ८८ चं दूध फाटकावर अडवलंय, टँकर उभा, ड्रायव्हर शिव्या घालतोय. मी धावत ऑफिसात गेले. पाठोपाठ बास्को आला, अर्थात तेरेसाबरोबर, पायात घरातल्या चपला.

“ऐंशीवर आठ,” तो दारातूनच म्हणाला. “ती माणसं धर्माने शनिवार पाळतात, पोरी. शुक्रवारी सूर्य मावळला की कामाला हात नाही. गाईंना कुठला शनिवार, म्हणून दूध काढतात, गार करून ठेवतात. पण गाडी आत घेत नाहीत, कागदावर सही करत नाहीत. रविवारी सकाळी सगळं एकदम देतात. तिथल्या म्हाताऱ्या मालकाने दोन डिग्रीचं कूलिंग बसवलंय खास त्यासाठी. दोन हजार आठ साली मी स्वतः जाऊन थर्मामीटर घालून पाहिलं. त्याच्या सुनेने पीचचा मुरंबा दिला होता, बिया तशाच ठेवलेल्या.”

सोळा वर्षांपूर्वीच्या मुरंब्यातल्या बिया आठवतात! मी अट परत घातली, दूध आत गेलं. तो काही टाकून बोलला नाही. तेरेसाने माझ्या दंडावर थोपटलं. मला जास्तच लाज वाटली.

१८ एप्रिल, गुरुवार

आता मी विचारत बसते. जुन्या अटीवर बोट ठेवलं की तो गोष्ट सांगतो, आणि गोष्ट खरी निघते, ग्लॅडिस फोन करून खात्री करते. पण गेल्या दोन वर्षांतल्या अटींवर बोट ठेवलं की “बघायला पाहिजे”, “असेल काहीतरी कारण”, “उद्या सांगतो”. उद्या विचारलं तर म्हणतो, कधी विचारलंस?

माझा अंदाज असा: मी त्याच्या क्लासला आजारी म्हटलं ते त्याला झोंबलंय. जुनं सांगतो, कारण त्यात त्याची फुशारकी आहे. नवं लपवतो, म्हणजे मी अडून बसेन.

२५ एप्रिल, गुरुवार

अंगाचा नुसता तिळपापड झाला आहे.

ओल्गुइन आले होते. नेहमीसारखा माते, आमचा कडू पानांचा गरम काढा, फिरत होता. भोपळा एक, नळी एक, आणि फिरवणारा बास्को. त्याने भरून द्यायचा, पिऊन त्याच्या हातात परत द्यायचा, मग पुढच्याला. ‘ग्रासियास’, म्हणजे आभार, म्हटलं की बास, पुढच्या फेरीत तुम्हाला नाही. हे शेंबड्या पोरालाही कळतं. मी ग्रासियास म्हटलं नव्हतं. मी एकदाच प्यायले होते. त्याने ओल्गुइनना दिला, ग्लॅडिसला दिला, माझी पाळी आली तर सरळ पुन्हा ग्लॅडिसला. ती बया घेऊन प्यायलीसुद्धा, एक शब्द न बोलता! पुढच्या फेरीत परत तेच. साहेबांसमोर. मी हात अर्धा पुढे केलेला, तो तसाच मागे घेतला.

माझ्या घरी साल्तोत असं केलं तर दहा वर्षं बोलणं बंद होतं.

जाताना ओल्गुइन म्हणाले, “हिमेना, अहवालात नावंही जोड. कुठल्या ओळी कोणी लिहिल्या. कुठे पाणी मुरतंय ते मला कळू दे.”

“जोडते,” मी म्हटलं.

२६ एप्रिल, शुक्रवार

जोडली. आकडा १९३. शेवटच्या सव्वीस महिन्यांत वाढलेल्या एकशे सहा वाटांपैकी एकशे एक एचेगोयेन. बाजूला एक आलेखही दिला, छान दिसतो. दुपारी चार वाजता पाठवला. जे आहे ते आहे, मी काही खोटं लिहिलेलं नाही.

घरी जाताना बास्को म्हणाला, “सोमवारी एकोणतीस तारीख, न्योकीचा दिवस. तेरेसा बटाट्याच्या गोळ्यांची न्योकी करतेय, तुला बोलावलंय जेवायला. येशील ना?”

नाही कसं म्हणणार? हो म्हटलं.

२९ एप्रिल, सोमवार

क्रमाने लिहिते.

बाराला आम्ही दोघं चालत निघालो. त्याच्या घराकडे वळायच्या कोपऱ्यावर तो थांबला. दोन्हीकडे पाहिलं. मला वाटलं गाड्यांसाठी थांबलाय. गाडी एकही नव्हती. तेवढ्यात समोरून तेरेसा येताना दिसली आणि तो मोकळा हसला.

स्वयंपाकघरात फ्रिजवर चिठ्ठ्या. गॅस बंद कर. चष्मा खिडकीत. डॉक्टर गुरुवार. आणि एक पिवळी, त्याच्या अक्षरात: ‘हिमेना. नवीन. साल्तोची. मातेत साखर नाही. चांगली मुलगी आहे, रागावते.’

ती मी पुन्हा एकदा वाचली.

जेवताना त्याने विचारलं, “तू मूळची कुठली ग?” मी साल्तो म्हटलं. “वा, संत्री!” तो म्हणाला आणि तिथल्या गरम पाण्याच्या झऱ्यांची एक मोठी मजेशीर गोष्ट सांगितली. न्योकी संपल्यावर त्याने विचारलं, “आणि तू मूळची कुठली?”

मी पुन्हा साल्तो म्हटलं. “वा, संत्री!”

तो जरा आडवा व्हायला गेला तेव्हा तेरेसा ताटं उचलता उचलता बोलली. दोन वर्षं होऊन गेली. डॉक्टर म्हणतात, जुनं टिकेल बराच काळ, नवं बसणार नाही. ऑफिसात सांगितलं असतं तर घरी पाठवला असता. नोव्हेंबरपर्यंत निभावलं की झालं. “ग्लॅडिसला पहिल्यापासून माहीत आहे. माते दोनदा आला तरी ती मुकाट्याने पिते, त्याला कळू नये म्हणून. बिचारीचं पोट बिघडतं. मला वाटलं, तिने तुलाही सांगितलं असेल. तू इतकी सांभाळून घेतेस त्याला, रोज शेजारी बसवून जुन्या गोष्टी विचारतेस. घरी येऊन सांगतो तो, आज तिला ओढ्याची गोष्ट सांगितली म्हणून.”

एकोणतीसच्या न्योकीच्या ताटाखाली नशिबासाठी नोट ठेवायची प्रथा आहे, तशी तिने ठेवली होती. ती मी विसरून आले.

ऑफिसात परत येऊन मी माझाच आलेख उघडला. सतरा वर्षं रेष जवळजवळ सपाट. वर्षाला आठ-दहा वाटा, प्रत्येकीला कारण. मग दोन वर्षांपूर्वी फेब्रुवारीत ती वर उठते आणि चढतच जाते. ज्या महिन्यात तो सायकल सोडून पायी यायला लागला, तोच महिना, ग्लॅडिसला विचारलं मी. लिहिलेलं आठवायचं नाही, म्हणून तो पुन्हा लिहायचा. गोठेवाल्याचं दूध अडू नये म्हणून पुन्हा लिहायचा. हे सगळं माझ्यासमोर होतं, रंगीत रेषेत, आणि मी त्याला आळस म्हटलं. खाली नाव घालून पाठवलं.

ग्लॅडिसला विचारलं, “मला का नाही सांगितलंस?”

“तू आलीस तीच मोजपट्टी घेऊन,” ती म्हणाली. “तुझ्यावर भरवसा कसा ठेवायचा?”

बरोबरच आहे तिचं.

३० एप्रिल, मंगळवार

सकाळी साडेआठलाच ओल्गुइनना फोन लावला. त्यांनी अहवाल वाचला होता.

“फार उपयोगी काम केलंस. हा एचेगोयेन आपल्याला जड जातोय. मेअखेर मोकळा करू त्याला.”

मी म्हटलं, “नावं मी रागाने जोडली होती.”

“म्हणजे खोटी आहेत?”

“खोटी नाहीत. पण त्यावरून तुम्हाला जे वाटतंय ते खोटं आहे.” मग एका दमात सांगितलं: नवे गुंते मी महिन्याभरात काढते, ते सोपे आहेत. जुन्या वाटांमागची कारणं मात्र कुठेही लिहिलेली नाहीत, फक्त बास्कोच्या डोक्यात आहेत. तो गेला तर गोठा ८८ सारखे रविवार दर आठवड्याला येतील. त्याला कोड लिहायचं काम नको, माझ्याशेजारी बसून सांगायचं काम द्या. नोव्हेंबरपर्यंत.

आजाराचं नाव काढलं नाही. ते सांगणं माझं काम नाही.

त्यांनी विचारलं, “जूनअखेर आसेप्तार दहाच्या आत?”

मी पन्नास म्हणणार होते. “दहाच्या आत,” म्हटलं.

“नाही झालं तर खोली बंद. आणि मग माझ्याकडे रडत यायचं नाही.”

३ मे, शुक्रवार

बास्कोला सांगितलं, “मला एकटीला जमत नाही. तू सांग, मी लिहिते.”

त्याने माझ्याकडे नीट पाहिलं. “तेरेसा बोलली वाटतं.”

खोटं बोलायचं होतं, जमलं नाही. मान डोलावली.

“बरं झालं,” तो म्हणाला. “सोंग आणून आणून दमलो होतो.” मग खुर्ची ओढून जवळ आला. “पण काप म्हणालो होतो ना मी? ते खरं नव्हतं ग. प्रत्येक ओळ कापलीस की मला वाटायचं, आता हे आपल्याकडे कुठेच नाही.”

“कापत नाही आता. वेगळं काढून ठेवते.”

असं ठरलं: प्रत्येक गोठ्याची सवय आसेप्तारमधून बाहेर काढायची, तिचा छोटा स्वतंत्र क्लास करायचा, त्याला नाव द्यायचं, आणि वर साध्या भाषेत कारण लिहायचं. आसेप्तारने फक्त विचारायचं: या गोठ्याची काही सवय आहे का? असेल तर तिला विचार, नसेल तर नेहमीचा नियम.

पहिला क्लास गोठा ८८ चा. बास्कोने नाव सुचवलं: ‘शनिवार पाळणारे’. कारणात मी मुरंबाही लिहिला.

२१ मे, मंगळवार

आकडा ९४. सकाळी तो ताजा असतो, अकरानंतर विस्कटतो. म्हणून गोष्टी सकाळी, टायपिंग दुपारी. काल एका गोठ्याची गोष्ट त्याने दोनदा सांगितली आणि दोन्ही वेळा वेगळी. ग्लॅडिसने मालकाला फोन केला. मालक म्हणाला दोन्ही खऱ्या आहेत, एक बापाच्या वेळची आणि एक त्याच्या स्वतःच्या.

थंडी पडायला लागली. तेरेसाने मलाही मफलर विणून दिलाय, बास्कोच्या उरलेल्या लोकरीचा.

११ जून, मंगळवार

आकडा ३८ वर अडकलाय. चार दिवस. टँकरच्या रस्त्यांचा एक गठ्ठा आहे, सतरा वाटा, सगळ्या पावसावर अवलंबून. बास्कोला आठवत नाही. तो चिडला, टेबलावर हात आपटला, मग रडला. मी आयुष्यात एवढी घाबरले नव्हते. ग्लॅडिस उठली, खिडकीशी जाऊन कुत्र्यांना हाका मारायला लागली, म्हणजे त्याला वाटावं की आमचं लक्षच नाही.

१३ जून, गुरुवार

ग्लॅडिसने तीन जुन्या ड्रायव्हरांना बोलावलं. एक सत्तर वर्षांचा. बास्कोने नकाशा टेबलावर पसरला आणि त्यांच्यात जी हमरीतुमरी झाली! “तो पूल नव्हे रे, त्याच्या अलीकडचा!” “तुझा टँकर रुतला होता तो पूल, मला शिकवतोस?” दोन तासांत सतराच्या सतरा सुटल्या. निम्मे पूल आता नवीन बांधलेत, त्या वाटा खरोखरच नकोत. बास्कोने त्या स्वतःच्या हाताने पुसल्या.

२८ जून, शुक्रवार

आसेप्तार: नऊ.

ताम्बो क्लास दोन हजार ओळींच्या आत. त्याच्या शेजारी एकशे बारा लहान क्लास, प्रत्येकाच्या डोक्यावर कारण, आणि प्रत्येकाखाली ‘सांगणारा: वाल्तेर एचेगोयेन’. ती नावंही मीच जोडली, यावेळी कुणी न सांगता. ओल्गुइनचा निरोप दहाला आला. खोली राहील. बास्को नोव्हेंबरपर्यंत राहील.

“काय डॉक्टरीणबाई,” बास्को म्हणाला, “आज आकडा किती?”

“नऊ.”

“नऊ! अग, कसा उतरवलास?” टाळ्या वाजवल्या त्याने. अर्ध्या तासाने पुन्हा विचारलं, आणि जेवणाआधी पुन्हा. तिन्ही वेळा तितकाच खूश झाला. तिसऱ्या वेळी मला वाटलं, एवढा आनंद एका आकड्याचा मलाही कधी झाला नव्हता.

मग त्याने थर्मास काढला. पहिला स्वतः प्यायला, मग ग्लॅडिसला, मग मला, बिनसाखरेचा. मी पिऊन भोपळा परत दिला. त्याने पाणी ओतलं, इकडेतिकडे पाहिलं, आणि पुन्हा माझ्याचपुढे धरला.

ग्लॅडिस कागदात डोकं खुपसून बसली होती. मी घेतला आणि तळापर्यंत प्यायले. ग्रासियास म्हटलं नाही.